सदर इसम

वाक्य चांगलं जमलं होतं. दुपारी शाळेतून निघताना ते अनंताच्या डोक्यात होतं, संध्याकाळी नळाखाली बोटांची तांबडी शाई घासताना होतं, आणि आता पाटावर बसून भाकरी मोडतानाही तो ते मनातल्या मनात चवीनं म्हणत होता. ‘सदर इसमाची वाचा गेली असून तिच्याबरोबर विचारशक्तीही सर्वथा नष्ट झाली असल्याकारणाने पाण्याची पाळी लावण्याचे काम यापुढे त्याच्याकडे ठेवणे इष्ट नाही.’ कुठे एक शब्द हलवायला जागा नव्हती. ‘सर्वथा’ तर अगदी आपोआप आला होता. खामगावच्या हायस्कुलात मराठीचे तास घेऊन त्याला बारा वर्षं झाली होती, आणि असं एखादं वाक्य हातून उतरलं की दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटायचं त्याला. प्रतिमानं ताटात वांग्याची भाजी वाढली. तिसरा घास तोंडात असताना त्याला एकदम कळलं, की सदर इसम म्हणजे आपले बाबा.

घास तोंडातच फिरत राहिला. आपण हे दुपारी वाचलं नव्हतं का? वाचलं होतं, तरी तेव्हा कळलं कसं नाही, हेच तर कळेना. मधल्या सुटीत उकंडरावकाका पिंपळगाव राजाहून आले होते, धोतराचा सोगा सावरत मास्तरांच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. ‘‘अनंता, एवढा अर्ज सुद्द करून दे बापा. तुह्या हाताचं असलं म्हंजे पटवारी वापस करत नाही.’’ समोर अकरावीच्या साठ वह्या. हातात तांबडी लेखणी होतीच. त्यानं कागद ओढला, जिथं जिथं खुपलं तिथं तिथं रेघ मारली, समासात एकदोन शेरे टाकले, आणि मग फुलस्केपच्या अर्ध्या पानावर स्वच्छ नक्कल करून दिली. विहिरीच्या पाळीबद्दल काहीतरी आहे, एवढंच डोक्यात गेलं होतं. ‘दादा’ या शब्दावर रेघ मारून ‘सदर इसम’ लिहिलं, ते अर्जात नातं शोभत नाही म्हणून. पुढचं सगळं त्या सदर इसमाबद्दल होतं, आणि सदर इसमाबद्दल माणसाला काय वाटणार? काकांनी नक्कल न वाचताच मूळ कागदासकट घडी करून खिशात घातली आणि दोनची मोटार गाठायला निघून गेले. ‘‘काय झालं?’’ प्रतिमानं विचारलं. ‘‘काही नाही,’’ तो म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही. या घरात एक वाक्य कमी बोललेलं बरं असतं, हे ती लग्नानंतर वर्षाभरातच शिकली होती.

ताटावरून उठून तो अंगणात येरझाऱ्या घालू लागला. चौघांची विहीर ती. बाबा म्हणजे भगवंतराव, उकंडरावकाका, आणि शेजारमळ्याचे जानराव आणि शालिग्राम. चार घरांचे वांगी-मिरचीचे वाफे, कांद्याच्या बियाचे तुकडे, सगळं त्या एका पाण्यावर. पाळी लावायचे भगवंतराव. तीस वर्षं. कुठं लिहिलेलं नाही, वार ठरलेले नाहीत. सकाळी थारोळ्यापाशी, मोट जिथं रिकामी होते त्या कुंडापाशी, उभं राहून ते खाली वाकून बघायचे, पाण्याच्या वर दगडाचे किती थर उघडे पडलेत ते, आणि सांगायचे, आज अमक्यानं दुपारपर्यंत, मग तमक्यानं. आणि पाळी लावणारा स्वतःचा मळा सगळ्यात शेवटी भरतो, हा तिथला रिवाज. शेवटी पाणी उरलं नाही तर उरलं नाही. लहानपणी अनंताला याचा राग यायचा. आपलीच वांगी माना टाकायची. बाबा म्हणायचे, ‘‘पहिले घेतलं तं उद्या कोन ऐकन माह्यं?’’ त्या तीस वर्षांचा निकाल आपण अर्ध्या पानात लावला, आणि वर त्याच्या शब्दरचनेवर खूष होऊन भाकरी खायला बसलो.

बाबांना कार्तिकात झटका आला. उजवा हात थोडा लुळा पडला, तो महिन्याभरात बराचसा सुधारलाही, पण शब्द गेले. सगळे गेले असते तरी बरं होतं. जे उरले ते भलत्या जागी येऊन बसू लागले. सगळ्यात जास्त यायचा तो मंगळवार. पाण्याला मंगळवार, पांघरुणाला मंगळवार, आईला हाक मारायची तरी मंगळवार. औषधपाण्यासाठी त्यांना खामगावला आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, यांना समजतं सगळं, फक्त शब्द हाताशी येत नाहीत, तुम्ही मास्तरकी करू नका. डॉक्टरांनी ‘मेंदूला धक्का बसलाय’ म्हटलं होतं, आणि अनंतानं तिथल्या तिथं त्यांना ‘आघात’ हा शब्द सुचवला होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा पेशंट बोलावला. घरी आल्यावर मास्तरकी सुरू झाली. दहा दिवस. ‘मंगळवार नाही बाबा, पांघरूण.’ ‘मंगळवार नाही, दिवा.’ मायेपोटीच करत होता तो, हे खोटं नाही. आणि आठव्या दिवशी दुपारी बाबांनी पेल्याकडे बोट दाखवून ‘मंगळवार’ म्हटलं, तेव्हा अनंतानं पेला उचलला आणि हातातच धरून ठेवला. ‘पाणी म्हणा. पा-णी.’ बाबा त्याच्याकडे बघत राहिले. ओठ हलले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पेला भरलेलाच राहिला, आणि तिसऱ्या दिवशी ते गावी निघून गेले. त्यानंतर अनंताशी ते एक शब्द बोलले नाहीत, चुकीचासुद्धा. अनंतानं त्याचा अर्थ असा लावला, की बाबांचं डोकं आता चालत नाही. म्हणजे ते वाक्य दुपारी सुचलं नव्हतं. दोन महिने आत तयार होऊन पडलं होतं.

हे कुठून आलं, हेही त्याला ठाऊक होतं. बारा वर्षांचा असताना तो पिंपळगाव राजाहून खामगावला बोर्डिंगात आला. वर्गावर पुण्याकडचे एक नवे मास्तर होते, गोरे, नीटनेटके, कधी छडी न उगारणारे. उशीर का झाला असं त्यांनी विचारलं आणि अनंतानं सांगितलं, ‘‘मले ताप आला होता जी.’’ मास्तर हसले नाहीत. त्यांनी त्याला तेच तीनदा म्हणायला लावलं, आणि मग वर्गाला शांतपणे विचारलं, ‘‘काय रे, याला गणित येत असेल?’’ वर्ग एका सुरात नाही म्हणाला. अनंताला गणित येत होतं. त्या वर्षी तो गणितात पहिला आला, पण त्यामुळे काहीही फिटलं नाही. आपल्याबद्दल हा प्रश्न पुन्हा कुणी विचारता कामा नये, असं त्यानं त्या वयात ठरवलं, आणि दोन वर्षांत त्याच्या तोंडून गावचं बोलणं पार पुसलं गेलं. पुढं महाराष्ट्र झाला, कचेऱ्यांतून मराठी आली, आणि जो तो शुद्ध अर्जासाठी त्याच्याकडे येऊ लागला. भगवंतराव स्वतः माणसं घेऊन यायचे. लेकाची लेखणी कागदावर रेघा मारत चालली की ते अभिमानानं शेजारच्याकडे बघायचे. त्यांना काय माहीत, की प्रत्येक रेघेबरोबर लेक मनात तोच प्रश्न विचारतोय. काय रे, याला गणित येत असेल?

चूक दाखवणारा शहाणा असतो, असं कुणी सांगितलं होतं त्याला? कुणीच नाही. त्याला चुका दिसत होत्या, इतकंच. काहींना दुरून माणसाच्या चालीवरून घर ओळखता येतं, काहींना कणकेला हात लावून पाणी किती हवं ते कळतं, तशी त्याला चूक दिसायची. पण कणीक मळणारीनं कधी बाकीच्यांना मंद मानलं नाही. त्यानं मानलं. विद्यार्थ्यांना मानलं, प्रतिमाच्या माहेरच्यांना मानलं, आणि शेवटी जन्मदात्याला. अंगणात थंडी वाढत होती. उद्या शनिवार, अर्धी शाळा. उद्याच जायचं, त्यानं ठरवलं. काकांकडून तो कागद घ्यायचा आणि त्यांच्यासमोर फाडायचा. ठरवल्यावर जरा बरं वाटलं. मग राग आला, तो काकांचा. सख्खा धाकटा भाऊ, आणि भावाला वेडा ठरवायला निघाला.

मोटारीत त्यानं रागाची सगळी वाक्यं तयार केली. माघाचं ऊन खिडकीतून मांडीवर येत होतं, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेली रानं मागं जात होती, आणि अनंत मनात काकांना उभं करून बोलत होता. ‘ज्या भावानं तुम्हाला हाताला धरून मळा शिकवला, त्याच्याच बाबतीत...’ इथं त्यानं ‘बाबतीत’ काढून ‘विषयी’ घातलं, आणि घातल्या घातल्या स्वतःचीच लाज वाटून तो बाहेर बघायला लागला. बापासाठी भांडायला निघालेला माणूस भांडणाची वाक्यं तपासतोय. पण पाय मागं घ्यायचा नाही. काय व्हायचं ते होवो, आज सोक्षमोक्ष लावायचा.

उकंडराव ओट्यावर बसून मोटेचं कातडं तेलात भिजवत होते. पुतण्याला बघून त्यांचा चेहरा खुलला नाही. अनंत उभ्यानंच म्हणाला, ‘‘काका, तो कागद द्या.’’ ‘‘कागद माह्यापाशी नाही,’’ काका म्हणाले. ‘‘दादापाशी हाये.’’ अनंताला काही कळेना. ‘‘त्यांना दाखवला तुम्ही?’’ काकांनी हात पुसले. ‘‘मंग? त्याच्या माघारी पटवाऱ्याले देऊ का? आतापर्यंत असं काई केलं हाये का म्या? काल सांजच्याला गेलो, वाचून दाखोला. मीबी तवाच पहिल्यांदा वाचला.’’ अनंताच्या तयार वाक्यांपैकी एकच बाहेर पडलं, आणि तेही अर्धवट. ‘‘सख्ख्या भावाला वेडा ठरवताना तुम्हाला...’’

काकांनी ऐकून घेतलं. मग टोपी काढली, टोपीच्या घडीतून एक चुरगळलेला कागद काढला आणि पुढं केला. ‘‘हा माह्या हातचा. पाह्य.’’ तांबड्या शाईनं भरलेला तो कागद अनंतानं ओळखला. आणि मग काल दुपारी न वाचलेलं त्यानं आज वाचलं. काकांनी ओबडधोबड अक्षरात लिहिलं होतं, की दादाले आता बोलता येत नाही, पन डोकस शाबूत हाये, म्हून दादा खुनेनं सांगन तशी पाळी मी चौघाइले सांगत जाईन, तरी त्यास मंजुरी असावी. ‘डोकस शाबूत हाये’ या शब्दांवर आडवी तांबडी रेघ होती. समासात अनंताच्या मोत्यासारख्या अक्षरात शेरा होता: ‘विसंगती. वाचा नसेल तर बुद्धी कशी?’

‘‘म्या तं बोलनं गेलं एवढंच लिवलं होतं,’’ काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. ‘‘डोकं तुवा काढलं त्याचं. म्या म्हनलं, मास्तर हाये, शिकेल हाये, डाक्टरनं याले काई सांगतलं असन जे आपल्याले नाही सांगतलं. म्हून गप बसलो.’’ टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत ते म्हणाले, ‘‘दादानं माह्यं ऐकून घेतलं आन् मंग कागद मागला. लय वेळ पाहत बसला. वाचत नव्हता, अक्षर पाहत होता. वळखलं त्यानं.’’

अनंत ओट्याच्या कडेवर बसला. जो कागद फाडायला आलो तो आपलाच निघाला, आता फाडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याला उठून सरळ मोटारीच्या थांब्यावर जावंसं वाटलं. खामगाव, वह्या, साठ मुलांच्या साठ चुका, तिथं त्याला सगळं येत होतं. पण तो उठून घराकडे गेला. एवढं एक त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

माय अन्नपूर्णाबाई चुलीपुढं होती. ‘‘आलास बापा,’’ एवढंच म्हणाली. मग खाली बघून, ‘‘कालपासून जेवले नाहीत ते धड. माह्याशीबी बोलले नाहीत.’’ भगवंतराव माजघरात खाटेवर बसून कांद्याच्या बियाचे वाळलेले गोंडे डाव्या हातानं चुरत होते, आणि फुंकर मारून भुसा उडवत होते. लेक समोर बसला तरी त्यांनी मान वर केली नाही. बंडीच्या खिशातून फुलस्केपची घडी दिसत होती. ‘‘बाबा,’’ अनंत म्हणाला, ‘‘ते मी लिहिलं.’’ बाबांनी फुंकर मारली. ‘‘चुकलं माझं.’’ काळं बी सुपात पडत राहिलं. माफी मागायची तर ती मागणाऱ्याला तरी पटली पाहिजे, आणि अनंताला स्वतःचे शब्द वहीत शेरा मारल्यासारखे ऐकू आले. त्यानं मग एक गोंडा उचलला आणि चुरू लागला. संध्याकाळपर्यंत दोघं शेजारी बसून होते. बी चांगलं शेरभर निघालं. पण बाबा बोलले नाहीत, आणि अनंतानं मनाशी पक्कं केलं, की उद्या सकाळी विहिरीवर चौघं जमतील तेव्हा त्यांच्यासमोर बोलायचं. घरातल्या घरात कबुली देणं सोपं असतं. ज्या लोकांत बापाची इज्जत गेली, ती त्याच लोकांत परत द्यायची.

रविवारी पाळी उकंडरावांना मिळेल, असं सगळे धरून चालले होते. उजाडताच त्यांचे बैल मोटेला जुंपून तयार होते. जानराव आणि शालिग्राम येऊन कट्ट्यावर बसले होते, भगवंतराव काठी टेकत आले आणि मागून अनंत आला. कागदाची गोष्ट एव्हाना दोघांच्याही कानावर गेली होती, ते त्यांच्या बघण्यावरून दिसत होतं. वर्गात चाळिसाव्या मिनिटापर्यंत न थांबणारा मास्तर, त्याला पहिलं वाक्य सापडेना. ‘‘बाबांची बुद्धी गेली असं त्या कागदात लिहिलंय,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘ते काकांनी लिहिलेलं नाही. काकांनी उलटं लिहिलं होतं. मी ते खोडलं. ते खोटं आहे, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.’’

जानरावांनी तंबाखू मळता मळता विचारलं, ‘‘मंग आज पाळी कोन लावन?’’ अनंत म्हणाला, ‘‘बाबा.’’

भगवंतराव थारोळ्यापाशी गेले. वाकून त्यांनी विहिरीत बघितलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग वळले, उकंडरावांच्या बैलांकडे बघितलं, आणि डावा पंजा खाली दाबत म्हणाले, ‘‘मंगळवार.’’ शालिग्राम गालातल्या गालात हसला. ‘‘मंगळवारी पाळी म्हन्तात का?’’ बाबांनी मान हलवली, नाही. पुन्हा पंजा दाबला. ‘‘मंगळवार. मावशी... मंगळवार.’’ त्यांच्या कपाळाची शीर फुगली. जानराव अनंताकडे वळले. ‘‘मास्तर, तुमी सांगा नं, काय म्हनून राह्यले ते?’’

शब्द अनंताच्या अगदी दातांशी होते. चार पर्याय होते, पाच होते. ‘थांबा’ म्हणायचंय का, बाबा? ‘कमी’? ‘संध्याकाळी’? एक कुठला तरी पुढं केला असता आणि थकून बाबांनी मान डोलवली असती. मग पाळी अनंतानं लावली असती, बाबांनी नाही. ‘‘मले नाही समजलं,’’ तो म्हणाला. ‘‘त्यायलेच इचारा. सांगतीन ते.’’ आणि मग सगळे थांबले. बैलांनी शेपट्या हलवल्या, मिरचीत कुठंतरी होला घुमत होता. गप्प राहणं अनंताला आयुष्यात कधी एवढं जड गेलं नव्हतं.

बाबांनी काठी टाकली. उकंडरावांचं मनगट धरून त्यांनी त्यांना विहिरीच्या काठाशी नेलं आणि खाली, पूर्वेच्या अंगाला, बोट दाखवलं. उकंडराव वाकले. आधी त्यांना काही दिसलं नाही. मग ते गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ बघत राहिले. ‘‘पुरबेचा झरा मंद झाला,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘गाळ धरून राह्यला.’’ वर मोठ्या भावाकडे बघून त्यांनी विचारलं, ‘‘आज कोनीच नाही? हिरीले आराम?’’ भगवंतरावांनी पंजा सोडला आणि एकदाच मान हलवली, हो. उकंडराव उठले. त्यांची मिरची आठ दिवस पाण्यावाचून उभी होती, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. ते काही न बोलता बैलांकडे गेले आणि त्यांनी जू उतरवलं.

जानराव कट्ट्यावरून उठले. ‘‘बरं झालं, उपसलं नाही,’’ ते म्हणाले, ‘‘उद्या येतो मंग, भगवंतभाऊ,’’ आणि नेहमीसारखे आपल्या मळ्याकडे चालू लागले. शालिग्रामही गेला. पाळी लागली होती, आता बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

अनंतानं काठी उचलून बाबांपुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही. बंडीच्या खिशातून त्यांनी घडी काढली, उलगडली, ‘सदर इसम’ जिथं लिहिलं होतं तिथं बोट ठेवलं, आणि लेकाच्या डोळ्यांत बघून बोलायला लागले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. खूप बोलले. मंगळवार होता, मावशी होती, पाटी होती, मधेच एक शिवी अगदी स्वच्छ होती, आवाज चढत होता, उतरत होता, एकदा भरून आला. राग होता की आणखी काही, अनंताला ठरवता येईना. एकही शब्द त्याच्या जागी नव्हता, आणि अनंताला पहिल्यांदाच कुठलाही शब्द उचलून दुसरीकडे ठेवावासा वाटला नाही. बाबा थांबले. धापा टाकत त्याच्याकडे बघत राहिले.

‘‘नाही समजलं, बाबा,’’ अनंत म्हणाला. ‘‘पुन्हा सांगा.’’

भगवंतराव कट्ट्यावर बसले, लेकाला हातानं खूण करून शेजारी बसवलं, आणि पहिल्यापासून सांगू लागले.